फिजीच्या माडावरचा निळा भुंगेरा

तूस न काढलेला भाताचा एक दाणा तळहातावर ठेवा. ज्या जीवावर हे सगळं पुस्तक लिहिलं आहे, त्याची लांबी जेमतेम तेवढी. अंग सडपातळ, दोन्ही कडा जवळजवळ समांतर, पाठीवरच्या कठीण पंखांना निळी झाक. तो फिजीच्या बेटांवर माडाच्या झावळ्यांवर राहतो. शेजारच्या सामोआ आणि टोंगा बेटांवरही आढळतो. कोकणातल्या वाडीत तो नाही.

एमिल ब्लांशार या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञांनी १८५३ मध्ये त्याचं वर्णन छापलं. त्याचं शास्त्रीय नाव प्रोमेकोथिका सिरुलिपेनिस. पहिल्या शब्दात 'लांबट' आणि 'म्यान' असे दोन ग्रीक अर्थ जोडलेले आहेत, तर दुसऱ्याचा लॅटिन अर्थ सरळ आहे : निळ्या पंखांचा. म्यान हा शब्द मला फार नेमका वाटतो. भुंगेऱ्याचे वरचे दोन पंख उडण्यासाठी नसतातच. ते खालच्या नाजूक पंखांवरचं झाकण असतं, तलवारीवर म्यान असावं तसं. जुन्या लिखाणात हाच कीटक प्रोमेकोथिका रायशाय या नावाने भेटतो. एकाच जीवाला दोन विद्वानांनी वेगवेगळी नावं दिल्यामुळे असं होतं, आणि पुढे जुनं नाव ग्राह्य धरतात. पुस्तकात मी ही दोन्ही नावं मागे ठेवली आहेत आणि 'माडाचा निळा भुंगेरा' असं म्हटलं आहे. नुसतं 'निळा भुंगेरा' म्हणून भागलं नसतं, कारण त्या नावाचा कीटक आपल्याकडे आधीच आहे. कोकणातल्या भातशेतीत पानांवरचा हिरवा थर खरवडून ती पांढरी करणारे निळे भुंगेरे शेतकऱ्यांना चांगले माहीत आहेत. दोघांचं नातं नुसतं नावापुरतं नाही. भातावरचा तो आणि माडावरचा हा, एकाच उपकुळातले आहेत.

हे कूळ म्हणजे पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांचं. जगात त्याच्या पस्तीस हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. भोपळा-काकडीच्या कोवळ्या वेलांची चाळण करणारे तांबडे भुंगेरे याच कुळातले, भातावरचा काटेरी भुंगा याच कुळातला, आणि पावसाळ्यात गाजरगवताच्या झुडपांचे नुसते दांडे शिल्लक ठेवणारे मेक्सिकन भुंगेही याच कुळातले. ते मेक्सिकोहून १९८३ मध्ये मुद्दाम बंगळुरूला आणले गेले. पुढच्या वर्षी शेतात सोडले आणि आता महाराष्ट्रात रस्तोरस्ती दिसतात. एकाच कुळातला एक भाऊ भात खातो म्हणून आपण त्याला शत्रू म्हणतो, दुसरा गाजरगवत खातो म्हणून मित्र म्हणतो. दोघेही फक्त पान खातात.

माडाच्या निळ्या भुंगेऱ्याकडे मी वळलो तो मात्र आमच्याच वाडीतल्या एका फसलेल्या प्रयत्नामुळे. काही वर्षांपूर्वी आमच्या माडांवर काळ्या डोक्याची अळी आली. खालच्या झावळ्या वाळून करपल्यासारख्या झाल्या, पातींच्या पाठीमागे जाळी आणि विष्ठेचे लांबच लांब बोगदे. सल्ला मिळाला की मित्रकीटक सोडा. आम्ही परोपजीवी कीटकांच्या नळ्या मागवल्या आणि आल्या त्या दिवशी माडामाडाला बांधून मोकळे झालो. काही उपयोग झाला नाही. त्या दिवसांत वाडीत अळ्या जवळपास नव्हत्याच. सगळे कोषात गेले होते, काही पाखरं होऊन उडत होते. सोडलेले मित्र अळी शोधत राहिले आणि चार-आठ दिवसांत मरून गेले. दोन महिन्यांनी पुन्हा सगळीकडे एकदम अळ्या. 'एकदम' हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. आपल्याकडे कडक हिवाळा नाही, माडाला पानगळ नाही, वर्षभर हिरवा चारा आहे. मग हे सगळे जीव एकाच वेळी अळी आणि एकाच वेळी कोष का होतात? कोणी यांच्या वाढीचं घड्याळ एकत्र लावलं? उत्तर शोधत गेलो तो फिजीला पोचलो, १९३३ सालात.

फिजी हा तीनशेहून अधिक बेटांचा देश. व्हिती लेव्हू आणि व्हानुआ लेव्हू ही दोन मोठी, मग तावेउनी, आणि पुढे समुद्रात विखुरलेली लहान लहान बेटं. १८७४ पासून तिथे इंग्रजांची वसाहत होती. आपल्या लोकांना फिजी आठवतो तो उसासाठी. १८७९ पासून करारावर नेलेले हजारो हिंदुस्थानी मजूर तिथल्या उसाच्या मळ्यांत राबले. पण उसाच्या जोडीने दुसरं पीक होतं ते सुक्या खोबऱ्याचं. किनाऱ्यालगतच्या गावांतल्या लोकांचा रोजचा व्यवहार माडावर चाले : खायला नारळ, शाकारायला झावळी, वळायला काथ्या, आणि हातात रोकड यायला खोबरं. माड आजारला की घर आजारतं, हे कोकणात कुणाला समजावून सांगायला नको.

भुंगेऱ्याचं आयुष्य आधी समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

मादी माडाच्या पातीवर अंडं घालते आणि त्यावर चघळलेल्या पानाच्या कणांचं आवरण चिकटवते. अंड्यातून निघालेली अळी बाहेर येतच नाही. जिथे अंडं पातीला टेकलेलं असतं तिथूनच ती थेट पानात शिरते. माडाची पात आपल्याला एकसंध वाटते, पण तिला वरचा आणि खालचा असे दोन पातळ पापुद्रे असतात आणि मधे हिरवा गर. अळी हे दोन्ही पापुद्रे शाबूत ठेवून मधला गर खात पुढे सरकते. टोमॅटोवरच्या नागअळीच्या पांढऱ्या वळवळत्या रेषा पाहिलेल्या माणसाला ही रीत ओळखीची वाटेल. माडावर मात्र रेषा वळत नाही, पातीच्या लांबीने जाते आणि रुंद होत जाऊन करपल्यासारखा तपकिरी पट्टा उमटतो. वर छप्पर, खाली जमीन, भिंतीच अन्न. तिथेच ती कात टाकते, तिथेच कोष करते, आणि भुंगेरा झाली की पापुद्रा कापून पहिल्यांदा उघड्यावर येते. या सगळ्याला साधारण दीड-दोन महिने लागतात. त्यानंतर भुंगेरा कित्येक आठवडे जगतो, पातीच्या खालच्या बाजूने बारीक पन्हळीसारख्या रेघा ओढत खातो. म्हणजे झावळीचं नुकसान दुहेरी होतं, आतून अळीचं आणि बाहेरून भुंगेऱ्याचं. औषध फवारून अळीला गाठणं त्या काळात शक्य नव्हतं. माड उंच, अळी दोन पापुद्र्यांच्या आड.

आणि तरीही, कितीतरी काळ हा भुंगेरा कुणाच्या खिजगणतीत नव्हता. तो होता, पण थोडा होता. त्याच्यावर जगणारे परोपजीवी कीटक फिजीतच होते. एक इवलीशी गांधीलमाशी, डोळ्यांना ठिपक्याएवढीसुद्धा न दिसणारी, त्याच्या अंड्यात आपलं अंडं घाली. दुसरी एक पानाच्या आतल्या अळीला शोधून काढी. या माश्यांचं स्वतःचं आयुष्य फार थोडं असतं. मादी बाहेर पडते, तिच्यापुढे मोजके दिवस असतात, आणि त्या दिवसांत तिला नेमक्या अवस्थेतलं भक्ष्य सापडावं लागतं. अंड्यावर जगणारीला अंडं, अळीवर जगणारीला अळी. फिजीच्या माडावर ते नेहमी सापडत असे. उष्ण कटिबंधात थंडी येऊन सगळ्यांना एकदम झोपवत नाही. त्यामुळे एकाच झावळीवर कुणी अंड्यात, कुणी कोवळी अळी, कुणी थोराड अळी, कुणी कोषात, कुणी उडता भुंगेरा. भरल्या घरात पाळण्यातल्या तान्ह्यापासून काठी टेकत चालणाऱ्या पणजीपर्यंत सगळे एका वेळी असतात, तसं. कुठल्याही दिवशी कुठलीही माशी बाहेर पडो, तिच्यासाठी दार उघडं असे. वयांच्या या सरमिसळीवर भुंगेऱ्याची संख्या आटोक्यात राहिली होती. ही सरमिसळ हाच या पुस्तकाचा खरा विषय आहे. भुंगेरा तिचा साक्षीदार.

मग एक कोळी आला. आपल्याकडे जाळं विणणाऱ्यालाही कोळी म्हणतात आणि पिकावरच्या त्या सूक्ष्म किडीलाही. हा त्यातला दुसरा. नारळाच्या देठाजवळ राहून फळावर तपकिरी चट्टे पाडणारा कोळी आपल्याला माहीत आहे, पण हा तो नव्हे. साठवलेल्या धान्यात, पेंढ्यात, इतर किड्यांच्या अळ्यांवर जगणारी ही जात. पेंढा हाताळणाऱ्या माणसांच्या अंगाला जी असह्य खाज सुटते तिच्यामागे हाच असतो. माणसांच्या मालाबरोबर तो बेटांवर पोचला आणि भुंगेऱ्यांच्या बोगद्यांत शिरला.

या कोळ्याची वाढ पाहिली की छाती दडपते. मादी अळीला चिकटते, विष टोचून तिला लुळी पाडते आणि तिचा रस शोषू लागते. तिच्या अंगाचा मागचा भाग फुगत फुगत गोल मण्यासारखा होतो, मूळ शरीराच्या कित्येक पट मोठा. पिल्लं त्या मण्यातच वाढतात आणि बाहेर येतात ती थेट प्रौढ होऊन. नर आधी निघतात आणि आईच्या अंगाशीच थांबून मागून येणाऱ्या बहिणींशी मीलन करतात. बाहेर पडलेली प्रत्येक मादी त्या क्षणापासून पुढचं भक्ष्य शोधायला मोकळी. एकेका मादीपासून शेकड्यांनी, तेही थोड्या दिवसांत. कोरड्या हंगामात हा कोळी वणव्यासारखा पसरे. पानाच्या आत असलेल्या सगळ्या अळ्या, सगळे कोष मरून जात. त्यांच्या पोटात वाढत असलेली परोपजीवी माश्यांची पिल्लंही त्यांच्याबरोबर मरत. झावळीवर मोकळे हिंडणारे प्रौढ भुंगेरे मात्र वाचत.

इथे कुणालाही वाटेल की बरंच झालं, कोळ्यानेच कीड संपवली. बागायतदारांनाही काही आठवडे तसं वाटत असेल. पण अळ्या संपल्या की कोळ्याला खायला काही उरत नसे आणि तोही नाहीसा होई. मागे राहत ते फक्त भुंगेरे. ते अंडी घालत, सगळे साधारण एकाच काळात. अंड्यांतून अळ्या निघत, सगळ्या एकाच वयाच्या. कोषही एकदम होत आणि भुंगेरेही. घरात आता फक्त तान्ही मुलं, किंवा फक्त तरणी पोरं, किंवा फक्त म्हातारे. अळीवर जगणारी एखादी माशी वाचली असेल तर ती बाहेर पडे तेव्हा माडावर अळी नसे. अंडं शोधणारी बाहेर पडे तेव्हा सगळ्या अळ्या झालेल्या असत. भक्ष्य मुबलक, पण हव्या त्या वयाचं एकही नाही. आठवडाभराचं आयुष्य घेऊन आलेला जीव दोन महिने वाट पाहू शकत नाही. स्थानिक माश्या एकामागून एक बाद झाल्या आणि भुंगेऱ्यांची पिढी कुणाचाही धाक नसताना वाढत गेली. माडांच्या वाड्या तपकिरी पडल्या. कीटकशास्त्रात या स्थितीला जे नाव पडलं त्याचं मराठी मी 'एकवयी अवस्था' असं केलं आहे. कोळ्याने कीड मारली, पण त्याहून मोठी गोष्ट मारली ती वयांची सरमिसळ.

हे ज्याने उलगडलं तो टी. एच. सी. टेलर नावाचा इंग्रज कीटकशास्त्रज्ञ. फिजीतल्या माडांशी त्याची ओळख आधीपासूनची होती. १९२५ मध्ये लेव्हुआना नावाच्या जांभळट पतंगाविरुद्ध जी मोहीम झाली, जिचे प्रमुख जे. डी. टॉटहिल होते, तिच्यात टेलर आणि आर. डब्ल्यू. पेन हे दोघे होते. मलायातून एक परोपजीवी माशी आणून त्यांनी तो पतंग आवरला होता. त्या यशानंतर भुंगेऱ्याच्या बाबतीतही 'आणा कुठली तरी माशी आणि सोडा' असं म्हणणं सोपं होतं. टेलरने तसं केलं नाही, आणि माझ्या मते त्याचं मोठेपण इथेच आहे. त्याने आधी बसून भुंगेऱ्याच्या पिढ्या मोजल्या, कोळ्याचं येणं-जाणं पाहिलं, स्थानिक माश्या नेमक्या कुठे आणि का अडखळतात ते शोधलं. आपल्याला हवी असलेली माशी कशी असली पाहिजे हे त्याने शोधाला निघण्याआधी ठरवलं होतं. स्थळ पाहायला निघण्याआधी अपेक्षा स्पष्ट असाव्यात, तसं. ती भुंगेऱ्याच्या एकाच कोवळ्या अवस्थेवर अवलंबून नसावी. अळी लहान असो, मोठी असो, कोषात गेलेली असो, तिला चालली पाहिजे. आणि मधल्या रिकाम्या दिवसांत तग धरण्याइतकं तिचं आयुष्य असावं. थोडक्यात, दार बंद असलं तर ते उघडेपर्यंत उंबऱ्यावर थांबू शकेल अशी पाहुणी.

जावा बेटावर याच वंशातला दुसरा भुंगेरा माडावर राहतो आणि सहसा त्रास देत नाही. टेलरने तिथे शोध घेतला. हवी तशी माशी तिथे होती. तेव्हा तिचं नाव प्लुरोट्रोपिस पार्व्ह्युलस होतं, आता ती पेडिओबियस या वंशात धरतात. ती अळीच्या सगळ्या वयांवर आणि कोषावरही अंडी घालते. एका भक्ष्यातून तिची अनेक पिल्लं बाहेर पडतात. १९३३ मध्ये ती फिजीत आणून सोडली आणि साधारण वर्षभरात भुंगेऱ्याचा उपद्रव ओसरला. भुंगेरा नाहीसा झाला नाही, होणारही नव्हता. तो पुन्हा थोडा झाला, पूर्वीसारखा. भुंगेरे विरळ झाल्यावर कोळ्यालाही वणव्यासारखं पेटायला पुरेसा चारा उरला नाही.

टेलरने हा सगळा वृत्तांत १९३७ मध्ये पुस्तकरूपाने छापला. लंडनच्या इम्पीरियल इन्स्टिट्यूट ऑफ एन्टोमॉलॉजीने तो प्रसिद्ध केला. ते पुस्तक मी जितक्या वेळा उघडलं तितक्या वेळा त्यातल्या धीराने मला थांबवलं. पानाच्या आतले भुंगेरे मोजणं म्हणजे प्रत्येक पात सोलणं, प्रत्येक बोगदा उघडणं, आतला जीव जिवंत आहे की मेला, मेला तर कोळ्याने की माशीने, हे पाहणं. हजारो पाती. हे काम करणाऱ्या माणसाला हातातली पात म्हणजे एकेका घराची जनगणना वाटत असणार.

गंमत अशी की ज्या १९३३ मध्ये ही माशी फिजीत उतरली, त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या ए. जे. निकल्सन यांचा प्राण्यांच्या संख्येच्या समतोलावरचा प्रसिद्ध निबंध छापून आला. भक्ष्य आणि त्याचा परोपजीवी एकमेकांची संख्या कशी बांधून ठेवतात हे गणिताने मांडण्याची परंपरा त्यातून उभी राहिली. पण त्या सुरुवातीच्या गणितात वय नव्हतं, होती ती फक्त पिढी. टेलरच्या पातींमध्ये मात्र वयच सगळं होतं. ही दोन टोकं जुळायला अर्धं शतक गेलं. १९८७ मध्ये चार्ल्स गॉडफ्रे आणि मायकेल हॅसेल या ब्रिटिश परिसंस्थाशास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की थंडी नसलेल्या प्रदेशातही परोपजीवी कीटक स्वतःच भक्ष्याच्या पिढ्या एकवयी करू शकतात. माशीच्या वाढीचा काळ भक्ष्याच्या वाढीच्या काळाच्या साधारण निम्मा असेल तर असं व्हायची शक्यता अधिक. म्हणजे घड्याळ लावायला बाहेरचा कोळीच हवा असं नाही, घरातली माशीही ते लावू शकते. पुढच्याच वर्षी श्रीलंकेतल्या एका अभ्यासाने याचं प्रत्यक्ष उदाहरण दिलं. तो कीटक होता आपलीच काळ्या डोक्याची अळी. तिच्या पिढ्या तिथे वेगळ्या वेगळ्या लाटांसारख्या येतात, कर्नाटकातल्या माडांवरही तसंच दिसलं आहे. आमच्या वाडीतल्या 'एकदम' या शब्दाचं उत्तर मला तिथे मिळालं. आम्ही मित्रकीटक वाईट आणले नव्हते, दोन लाटांच्या मधल्या ओहोटीत सोडले होते.

श्रीलंकेचं नाव आलं म्हणून आणखी एक धागा. १९७० मध्ये कोलंबोच्या परिसरात निळ्या भुंगेऱ्याचा एक सख्खा चुलतभाऊ सापडला, प्रोमेकोथिका कमिंगी. तो मूळचा आग्नेय आशियातला. श्रीलंकेच्या अर्थव्यवस्थेत नारळाचं स्थान पाहता ती बातमी किती गंभीर होती हे सांगायला नको. या वेळी मात्र चाळीस वर्षांपूर्वीचं फिजी हाताशी होतं. आग्नेय आशियातून परोपजीवी माशी आणली गेली आणि काही वर्षांत तो भुंगेरा आटोक्यात आला. या कामाची हकीगत १९७७ मध्ये 'एन्टोमोफागा' या नियतकालिकात आली. तिच्या तीन लेखकांपैकी पहिलं नाव पी. आर. धर्माधिकारी असं आहे. परदेशी संदर्भांच्या रांगेत हे ओळखीचं आडनाव दिसलं तेव्हा मला जो आनंद झाला तो इथे नोंदवून ठेवतो.

आता एक बोलायलाच हवं असं. बाहेरून जीव आणून सोडणं ही गोष्ट प्रत्येक वेळी फिजीच्या भुंगेऱ्यासारखी सुखरूप होत नाही. फिजीनेच ते सोसलं आहे. उसातले उंदीर मारायला तिथे १८८३ मध्ये मुंगूस आणलं, आणि त्याने जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची वाताहत केली. १९३६ मध्ये मोठा विषारी बेडूक आणला, तो आजही तिथे उड्या मारतो आहे. ज्या लेव्हुआना पतंगावरच्या विजयाने टेलरच्या कारकिर्दीची सुरुवात झाली, तो पतंग बहुधा जगातूनच नाहीसा झाला. तो मूळचा फिजीचाच होता की बाहेरून आला होता यावर अभ्यासकांचा वाद आजही चालू आहे. त्याच्याविरुद्ध आणलेली माशी इतर पतंगांवरही जगते, हेही नोंदलेलं आहे. मुंगूस आणि टेलरची माशी यांच्यातला फरक नशिबाचा नाही. मुंगूस जे सापडेल ते खातं. ती माशी माडाच्या पानाआड राहणाऱ्या या भुंगेऱ्यांच्या शोधात निघते, आणि तिला निवडण्याआधी कुणीतरी वर्षानुवर्षं पाती सोलल्या होत्या. तरीही मी पुस्तकात हे दोन्ही प्रसंग शेजारीशेजारी ठेवले आहेत. एक वाचताना दुसरा डोळ्यांआड होऊ नये.

आणि हे दूरच्या बेटांचं प्रकरण समजून सोडून देण्यासारखंही नाही. १९९९ च्या सुमाराला याच उपकुळातला आणखी एक माडाचा भुंगेरा, ब्रॉन्टिस्पा लाँजिसिमा, मालदीवला पोचला. तो मूळचा इंडोनेशिया आणि पापुआ न्यू गिनीच्या बाजूचा. पर्यटकांच्या निवासांसाठी आणलेल्या शोभेच्या ताडवर्गीय रोपांबरोबर तो आला. तो पान पोखरत नाही. न उघडलेल्या मधल्या कोंभाच्या घड्यांत लपून बसतो आणि कोवळी पात उमलण्याआधीच खरवडतो, मग पान उमलतं ते करपलेलंच. सामोआहून व्हिएतनाम आणि तिथून पुढे अशी परोपजीवी माशीची साखळी २००३-०४ मध्ये त्याच्यामागोमाग मालदीवला न्यावी लागली. मालदीवच्या वर आपलं मिनिकॉय आहे, आणि मिनिकॉयच्या वर लक्षद्वीपची बाकीची बेटं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा या किनाऱ्यांवर रोपवाटिकांचा व्यवहार किती वाढला आहे ते सगळे पाहतात. हॉटेलच्या दारात लावायला दूरच्या देशातून आलेलं शोभेचं रोप उतरवताना त्याच्या कोंभात कोण बसलं आहे हे कोण पाहतं? कोंभ उलगडून पाहायला दोन मिनिटं लागतात. मला त्या दोन मिनिटांची फार काळजी वाटते.

हे पुस्तक मी कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं नाही, त्यांच्याजवळ मूळ ग्रंथ आहेत. ते वाडीत राहणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्यांची वाडी आता सुट्टीपुरती उरली आहे त्यांच्यासाठीही. मित्रकीटकांच्या नळ्या आजही लोक हौसेने आणतात आणि आम्ही बांधल्या तशा बांधतात. नळी बांधण्याआधी दहा पाती तोडून उलट्या करून पाहाव्यात, अळी किती, कोष किती, रिकाम्या साली किती हे कागदावर मांडावं, आणि तेव्हा दिवस ठरवावा, ही साधी गोष्ट मला टेलरच्या पुस्तकातून कळली. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राजवळ राहणाऱ्या माणसालाही ती लंडनमध्ये छापलेल्या फिजीच्या पुस्तकातून कळावी याचं वाईट वाटतं, म्हणून ती मराठीत आणली.

शब्दांविषयी थोडं. शक्य तिथे मी शेतातले शब्द ठेवले : अळी, कोष, भुंगेरा, कोळी, पात, झावळी, हीर. 'परोपजीवी' हा शब्द जड आहे, पण कृषी विद्यापीठांच्या पत्रकांतून तो आता गावात पोचला आहे. नुसतं 'माशी' म्हटलं आहे तिथे घरातली माशी समजू नये. या सगळ्या गांधीलमाशीच्या वंशातल्या, चार पंखांच्या, आणि बहुतेक एखाद्या मिलिमीटरच्या. लेव्हुआनावरची माशी तेवढी अपवाद, ती खरोखरच दोन पंखांची माशी.

वाचायला बसण्याआधी, जवळ माड असेल तर, एक करा. खालची एखादी झावळी मागून घ्या, पाडेली चढलेला असेल तेव्हा सहज मिळेल. तिची एक पात हिरापासून सोडवा आणि नखाने हळूच उभी चिरून पाहा. वरचा पापुद्रा निघेल, खालचा राहील, मधे ओलसर हिरवा थर दिसेल, कागदाहून थोडा जाड. त्या थरात एक अख्खं बालपण मावतं. पहिलं प्रकरण तिथूनच, पातीला चिकटवलेल्या एका अंड्यापासून सुरू होतं.